वडिलोपार्जित खटाऱ्याचा जीर्णोद्धार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हां भावंडांस आज ह्या व्यासपीठावर उभे केले, ह्याबद्दल आम्ही समितीचे आभारी आहोत. आम्ही विद्वान नव्हे; वक्ते तर नव्हेच नव्हे. समितीने प्रथम आम्हांस ‘कौटुंबिक ऐक्य’ हा विषय देऊ केला होता. तो आम्ही नम्रपणे बदलून मागितला. कारण त्या विषयावर बोलण्याचा अधिकार पाच वर्षांपूर्वी आम्हांस मुळीच नव्हता, आणि आज किती आहे ते श्रोत्यांनीच ठरवावे. खटाऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार मात्र आमच्या नखांतील काळ्या तेलाने आम्हांस दिला आहे.

मैदानाच्या कडेला चिंचेच्या झाडाखाली उभी असलेली हिरवी गाडी आपण सर्वांनी पाहिलीच असेल. मुलांनी सकाळपासून तिचा भोंगा वाजवून आमचे निम्मे भाषण आधीच करून टाकले आहे. ही गाडी येथे स्वतःच्या चाकांवर आली नाही, दुसऱ्या मोठ्या गाडीच्या पाठीवर बसून आली, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. तसे का, ते पुढे येईल.

ही गाडी म्हणजे शेव्हरोलेट कंपनीचा १९५१ सालचा अर्ध्या टनाचा लहान खटारा होय. आजची मंडळी हिला पिकअप म्हणतात. आमचे आजोबा शेवटपर्यंत खटाराच म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील मोटारींचे कारखाने लष्करी कामास जुंपले गेले होते. युद्ध संपल्यावर शेतकरी व लहान व्यापारी यांची मागणी एकदम वाढली, आणि १९४७ साली शेव्हरोलेटने ह्या नव्या घडणीच्या मालगाड्या बाजारात आणल्या. त्यांतील चालकाची केबिन पूर्वीपेक्षा रुंद करण्यात आली, इतकी की, एका बाकावर तिघांना बसता यावे. ही तिघांची गोष्ट कृपा करून लक्षात ठेवावी. पुढच्या बाजूस पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, समोरची काच दोन सपाट तुकड्यांची, इंजिन सहा सिलिंडरांचे व ब्याण्णव अश्वशक्तीचे, वीज सहा व्होल्टांची, आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या पाठीमागे केबिनमध्येच. अशी हिची रचना आहे. इंजिन सुरू करण्यास किल्ली फिरवून भागत नाही. पायाने एक खुंटी दाबावी लागते, आणि ती दाबताना मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा होते.

ह्या गाड्यांशी मुंबईचे नाते जुने आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून पेट्यांतून आलेले भाग तेथे जुळवून मोटारी व मालगाड्या रस्त्यावर येत. पुढे, देशातच भाग तयार करण्याची योजना ज्यांच्यापाशी असेल त्यांनीच हा धंदा करावा असे सरकारचे धोरण ठरले, आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. आजोबांनी ही गाडी १९५६ साली मुंबईतील एका व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून विकत घेतली. मागचा हौदा मोडकळीस आलेला होता. तो काढून त्यांनी गावच्या सुताराकडून सागवानी फळ्यांचा नवा हौदा करवून घेतला. तेव्हापासून एकतीस वर्षे ह्या हौद्यातून आमच्या वाडीतील केळीचे घड, विड्याच्या पानांचे करंडे, नारळ व भाजी वसई रोड स्थानकापर्यंत गेली. आणि येताना खत, पेंड, कौले, व अधूनमधून एखाद्या लग्नाचे वऱ्हाडही आले. १९८७ साली इंजिन अडकले. वडिलांनी गाडी छपरीत लोटली, वर ताडपत्री घातली, आणि “पावसाळा संपल्यावर पाहू” असे म्हणाले. त्यानंतर असे पस्तीस पावसाळे संपले.

२०२१ च्या नोव्हेंबरात वडील वारले. ते गेल्यावर घरात काय घडले हे सांगताना आम्हांस संकोच होतो. परंतु ते लपविले तर पुढील हकीकतीस अर्थ राहणार नाही. वाडीची वाटणी करावयाची होती. आम्ही तीन भाऊ व एक बहीण. बावखलाकडे जाणारी पायवाट कोणाच्या वाट्यास यावी, ह्यावरून शब्दाने शब्द वाढला; आणि एका अंगणात राहणारे तिघे भाऊ एकमेकांकडे निरोप मुलांकरवी धाडू लागले. भिंतीस भिंत लागून असताना मुलाने येऊन “बाबांनी विचारलंय” असे म्हणावे, ह्यापरते दुर्दैव कोणते? सगळ्याचे तुकडे पाडता आले. फक्त छपरीतील त्या गाडीचे पाडता येईनात. म्हणून भंगारवाल्यास बोलावले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वजन दीड टनाच्या आसपास भरेल असे सांगितले, आणि लोखंडाच्या भावाने आकडा काढून चार वाट्यांनी भागूनही दाखविला. हिशेब चोख होता.

आमची आई ऐंशी वर्षे ओलांडलेली आहे. ती पडवीतून हे सारे पाहत होती. तिने भंगारवाल्यास चहा दिला आणि म्हटले, “बाबा रे, तू पुढच्या वर्षी ये. मुलांना आधी ती चालवून पाहू दे.” चालवून पाहण्याजोगे तिच्यात काही उरले नव्हते. केबिनचे खालचे कोपरे खाऱ्या वाऱ्याने खाल्ले होते. पाय ठेवावयाच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. टाकीतील पेट्रोलची राळ झाली होती. बाकाच्या गादीत उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. तथापि आईचा शब्द मोडण्याचे धैर्य आम्हां चौघांत कोणालाही नव्हते. काम हाती घेतले ते उत्साहाने नव्हे, निरुपाय म्हणून, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

२०२२ च्या ईस्टरनंतर आम्ही ताडपत्री काढली. दर शनिवारी दुपारी काम करावे, असा नियम ठरला. पहिल्या शनिवारी आम्ही एकमेकांशी केवळ पान्यांच्या नंबरांपुरतेच बोललो. “नऊ-सोळा दे.” “अर्ध्याचा कुठे आहे?” आमच्या लक्षात नंतर आले की, दोन महिन्यांत आम्ही भाऊ समोरासमोर प्रथमच बोललो होतो.

अशा कामाची रीत कोणती, हे येथे थोडक्यात सांगितले तर ज्यांच्या घरी अशीच एखादी जुनी वस्तू पडून आहे त्यांस उपयोग होईल. प्रथम काहीही सोडण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावी. सोडलेला प्रत्येक बोल्ट निरनिराळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावावी. आमच्या बहिणीने बिस्किटांचे त्र्याहत्तर डबे गोळा केले होते, आणि प्रत्येकावर तिच्या सुवाच्य अक्षरांत नाव होते. ते डबे नसते तर आज ती गाडी चिंचेखाली नव्हे, डब्यांतच असती. दुसरे असे की, अडकलेले इंजिन बळाने फिरवू नये. आम्ही सहाही प्लग काढून प्रत्येक भोकात रॉकेल व तेल यांचे मिश्रण ओतले, आणि वाट पाहिली. दर शनिवारी फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून हलकेच जोर द्यावयाचा, हलले नाही तर पुन्हा तेल ओतून घरी जावयाचे. सहाव्या शनिवारी ते करंगळीएवढे हलले. त्या दिवशी आम्ही जणू लग्नघर असल्यासारखे जेवलो. तिसरे, इंजिनाच्या आधी ब्रेक करावे. गाडी चालू होण्याची घाई सर्वांस असते. थांबण्याची काळजी फार थोड्यांस असते. आमच्या गाडीच्या ब्रेकांतील सारे रबर वाळून कडक झाले होते. ते सर्व बदलून, नळ्या नव्या घालून, मगच आम्ही पुढे गेलो.

रंगाची एक आठवण येथे सांगावीशी वाटते. आम्हां सर्वांच्या स्मरणात गाडी निळी होती. खरडताना निळ्याखाली तांबडा निघाला, तांबड्याखाली करडा. मग थोरल्याने आईला विचारले. ती म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा ती करडी होती, पण दार उघडले की आत बिजागरीपाशी हिरवी दिसे. तुमचे आजोबा म्हणत, हाच तिचा खरा रंग.” आम्ही दाराच्या कडेचा पत्रा हलक्या हाताने घासला, आणि खरोखरच गडद हिरवा रंग प्रकट झाला. त्या वर्षांत शेव्हरोलेटच्या मालगाड्यांस कारखान्यातून ठरावीक म्हणून मिळणारा रंग हिरवाच होता, हे आम्हांस मागाहून पुस्तकांतून कळले. आईला ते पुस्तकावाचून ठाऊक होते.

समोरच्या काचांची चिंता मात्र फुकट गेली. आजच्या मोटारींची वाकवलेली काच फुटली तर कंपनीच्या दाराशी जावे लागते. हिच्या दोन्ही काचा सपाट, म्हणून बाजारातील काचवाल्याने कागदाचा नमुना पाहून अर्ध्या दिवसात त्या कापून दिल्या. काच पुसण्याचे हात विजेवर नव्हे, इंजिन हवा ओढते त्या शक्तीवर चालतात. त्यामुळे चढावर जोर दिला की ते मंदावतात, आणि उतारावर धावत सुटतात. पाऊस पडत असता चढावर काही दिसत नाही, ही आजोबांची तक्रार आम्हांस लहानपणी थट्टा वाटे. ती शास्त्रशुद्ध होती.

आता आम्ही ह्या हकीकतीच्या दुखऱ्या जागी येतो.

ह्या इंजिनातील दट्ट्यांचे दांडे ज्या बेअरिंगांवर फिरतात, त्या आजच्यासारख्या तयार मिळत नाहीत. दांड्याच्या टोकाशी कथील, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू वितळवून ओततात, आणि मग तो कातून काढतात. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट नावाच्या कारागिराने १८३९ साली असा धातू शोधून काढला, म्हणून तिकडे त्यास त्याचेच नाव आहे. आपल्याकडील कारागीर त्यास व्हाइट मेटल म्हणतात. मोठ्या जहाजांच्या यंत्रांत असला धातू आजही लागतो, म्हणून मुंबईत दारूखान्याच्या बाजूस ही विद्या अद्याप जिवंत आहे. तेथील एका वृद्ध कारागिराने आमचे सहाही दांडे ओतून दिले. मऊ धातूचा गुण असा की, तो कठीण दांड्यास झिजू देत नाही, स्वतः झिजतो. आणि अवगुण असा की, तेल क्षणभर चुकले तर तो वितळतो.

तेलाची योजना अशी आहे. प्रत्येक दांड्याच्या टोपीस खाली लहानशी पळी असते. दर फेऱ्यास ती चेंबरमधील पन्हाळीत बुडते व तेल उचलते. वेग वाढला म्हणजे बारीक नळ्यांतून तेलाची धार नेमकी त्या पळीवर बसते. ती धार केसभर चुकली तर तो एक दांडा उपाशी राहतो. नळ्यांची दिशा तपासण्यासाठी कारखान्याने खास माप केलेले होते.

मधल्या भावाची कन्या तेव्हा पंधरा वर्षांची होती. कारखान्याने त्या काळी दुरुस्तीसाठी काढलेल्या पुस्तकाची प्रत मिळवून तिने ती अक्षरशः पाठ केली होती. वडिलांचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता, आणि त्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकवावयाचाच असा हट्ट आम्ही धरला होता. आदल्या रात्री चेंबर लावताना ती म्हणाली, “काका, नळ्यांची दिशा मापाने तपासून घ्यायला सांगितलंय पुस्तकात. आपण माप तर केलंच नाही.” आमच्यातील थोरला म्हणाला, “तुझ्या पुस्तकापेक्षा माझ्या हाताला जास्त कळतं गं. चल, पाने आवर.” आम्ही बाकीचे गप्प राहिलो. तिच्या बापानेही तिची बाजू घेतली नाही. तिने पाने आवरले.

दुसऱ्या दिवशी, स्मृतिदिनाची मिस्सा आटोपून सारे अंगणात जमले असता, गाडी सुरू झाली. पस्तीस वर्षांनी तो आवाज ऐकताना आमच्या डोळ्यांस पाणी आले. चार मिनिटे इंजिन चालले. मग पडवीतून आई म्हणाली, “थांबवा. हा तिचा आवाज नव्हे.” आम्ही हसलो. आणखी अर्ध्या मिनिटाने ती ठकठक आम्हांसही ऐकू येऊ लागली.

चेंबर उतरविले तेव्हा तिसऱ्या दांड्याचा धातू वितळून पन्हाळीत चांदीच्या चुऱ्यासारखा पडला होता.

त्यानंतर आम्ही काय केले, ते ऐका. प्रथम आम्ही दारूखान्यातील कारागिरास दोष दिला. त्याने धातू खोटा ओतला, असे ठरविले. मग धाकट्याने थोरल्याच्या घाईस दोष दिला. थोरल्याने धाकट्याच्या कंजूषपणास. मधल्याने पायवाटेचा विषय काढला. आणि छपरीला आम्ही स्वतःच्या हाताने कुलूप घातले. दांडा घेऊन आम्ही कारागिराशी भांडावयास गेलो, तेव्हा त्या वृद्धाने तो उन्हात धरून पाहिला, बाकीच्या पाचांविषयी विचारले, आणि शांतपणे म्हटले, “मेटल खोटे असते तर सहाही गेली असती. एकच गेली, म्हणजे तेल एकीलाच मिळाले नाही. घरी जाऊन नळी पाहा.” घरी येऊन पाहिले. तिसरी नळी चेंबर बसविताना धक्का लागून वाकलेली होती. दोन मिनिटांचे माप लावले असते तर ती तेव्हाच दिसली असती.

त्या संध्याकाळी थोरल्याने सर्वांस ओटीवर बोलाविले. आईसमोर, सर्व मुलांसमोर, तो आपल्या पुतणीस म्हणाला, “चूक माझी. तू बरोबर सांगत होतीस. मी ऐकले नाही.” बंधुभगिनींनो, आपल्या घरांची रीत आपण जाणता. थोरल्याने धाकट्याची, त्यातही एका मुलीची, अशी उघड क्षमा मागितल्याचा प्रसंग आमच्या घरात कोणाच्याही स्मरणात नव्हता. काय बोलावे कोणास सुचेना. ती पोर मात्र सहज म्हणाली, “ठीक आहे काका. आता माप मी करते.” तिने पुस्तकातील आकृतीवरून पत्र्याचे माप कापले, आणि त्या दिवसापासून छपरीत शेवटचा शब्द तिचा असे ठरले. दांडा पुन्हा ओतून आला. कारागिराने त्याचे पैसे घेतले नाहीत. आम्ही त्यास आमच्या वाडीची केळी नेऊन दिली, ती त्याने मोजून घेतली. २०२३ च्या एप्रिलात इंजिन पुन्हा सुरू केले. आई पडवीतून काही बोलली नाही. त्यावरून आम्ही समजलो.

पायवाटेचा प्रश्नही त्यानंतर एका महिन्यात मिटला. पायवाट कोणाच्याही वाट्यास न घालता सर्वांची सामाईक ठेवली. इतके सोपे उत्तर आम्हांस आधी का सुचले नाही, असे लोक विचारतात. उत्तर आधीही सुचले होते. ते प्रथम बोलून दाखविणे म्हणजे हार, असे प्रत्येकास वाटत होते. आमच्या सर्व भानगडी संपल्या असे आम्ही म्हणत नाही. आता निरोप मुलांकरवी जात नाहीत, एवढेच.

उरला हौदा. त्याच्या नऊ फळ्यांपैकी चार वाळवीने खाल्ल्या होत्या. सुताराचे म्हणणे पडले की, सर्वच नव्या घालाव्या, म्हणजे हौदा एकसारखा व देखणा दिसेल. त्याचे म्हणणे कारागिरीच्या दृष्टीने योग्य होते. परंतु मधल्या एका फळीवर आजोबांनी पटाशीने पाडलेल्या खाचा होत्या. किती करंडे चढले ते मोजण्याची त्यांची ती रीत. आणि त्याच फळ्यांवर १९६८ च्या पावसाळ्यात, रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना, पोत्यांवर गवत पसरून आमच्या आईस प्रसूतीसाठी रुग्णालयात नेले होते. आजोबा चालवीत होते, वडील हौद्यात छत्री धरून उभे होते. आमच्या बहिणीचा जन्म त्या पहाटे झाला. आम्ही सुतारास म्हटले, चारच फळ्या बदला, आणि नव्या फळ्यांस जुना रंग देऊ नका. जुने ते जुने दिसावे, नवे ते नवे दिसावे. आज आपण हौद्यात डोकावाल तर पाच फळ्या काळवंडलेल्या व चार पिवळसर दिसतील. कोणी म्हणतात, काम अर्धवट राहिले. आमच्या मते तेथेच ते पूर्ण झाले.

जीर्णोद्धार ह्या शब्दाचा अर्थ आम्ही तेव्हा शिकलो. जे झिजले ते सारे फेकून देऊन त्या आकाराचे नवे उभारणे म्हणजे नक्कल. आणि जे मोडले ते तसेच ठेवून त्यावर हार घालणे म्हणजे आळस. ज्याने भार वाहावयाचा तो भाग निर्धास्तपणे नवा करावा. ब्रेक, टायर, विजेच्या तारा, तेलाच्या नळ्या यांत जुन्याचे प्रेम कामाचे नाही. त्यावर माणसांचा जीव असतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते जुन्या रबरास खाते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या व वॉशरही आम्ही नव्या जातीचे घातले. परंतु ज्या भागावर पूर्वजांच्या हाताची खूण आहे व ज्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही, तो भाग झिजलेला असला तरी राखावा. भार आणि खूण, ही दोन ओळखता आली म्हणजे निम्मे काम झाले.

गाडी येथे दुसरीच्या पाठीवर का आली, हे सांगावयाचे राहिले. हिची नोंदणी कित्येक वर्षांपूर्वी संपली आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी निराळे नियम केले. त्यांत गाडीचे मूळ स्वरूप राखण्याची व तिचा धंद्यासाठी उपयोग न करण्याची अट आहे. आमच्या गाडीचे कागद अद्याप पुरे झालेले नाहीत, आणि ते पुरे झाल्याखेरीज ती सरकारी रस्त्यावर न्यावयाची नाही, असा आमच्या पुतणीचा हुकूम आहे. तिचा हुकूम न मानल्याचा परिणाम आम्ही एकदा भोगला आहे.

परंतु स्वतःच्या अंगणात तरी गाडी चालविण्यास कोणाची हरकत नव्हती. २०२४ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ती छपरीतून बाहेर काढली. सुकाणू कोणी धरावे, ह्यावर वाद होईल असे आम्हांस वाटले होते. थोरल्याने किल्ली बहिणीच्या हाती दिली. तिच्या शेजारी पुतणी बसली, कडेला आईस उचलून बसविले. बाक तिघांचे होते, ते भरले. तेव्हा आम्ही तिघे भाऊ मागे हौद्यात चढलो आणि लहानपणी उभे राहत असू तसे केबिनला धरून उभे राहिलो. बहिणीने खुंटी दाबली. गाडी विहिरीवरून, रहाटाच्या जुन्या चौथऱ्यावरून, त्या सामाईक पायवाटेने बावखलापर्यंत गेली आणि परत आली. अंतर फार तर दीडशे पावले असेल. आई उतरताना एवढेच म्हणाली, “ब्रेक बरे आहेत.”

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, पडवीत, छपरीत असे काहीतरी पडून असेल. ते शिवणयंत्र असेल, घड्याळ असेल, बाजाची पेटी असेल, बैलगाडीचे चाक असेल. ते भंगारात देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास त्याचा खरा रंग विचारा, आणि घरातील सर्वांत लहान माणसास ते उघडू द्या. मधल्यांनी पाने द्यावेत, डबे भरावेत, आणि सांगितलेले ऐकावे. वस्तू चालू होईल अथवा न होईल. आमची झाली, त्यात आमच्या हुशारीचा भाग थोडा आहे, हे आपण ऐकलेच.

भाषण लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. सभा संपल्यावर मुलांनी चिंचेखाली यावे. एका वेळी तिघांस बाकावर बसता येईल. बाकीच्यांनी हौद्यात उभे राहावे. भोंगा मात्र प्रत्येकाने एकदाच वाजवावा, कारण बॅटरी सहा व्होल्टांचीच आहे.